कढीपत्त्याखाली सापडलेले अंडे : होल्याच्या एका घरट्याचे प्रकरण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात एका संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून परत येताना कोथरूड भागातील एका सोसायटीतल्या रहिवासी बाईंना वाहनतळाच्या कडेला, कढीपत्त्याच्या झाडाखालच्या ओल्या मातीत, एक पांढरे अंडे दिसले. त्यांनी ते उचलून घरी आणले, स्टीलच्या वाटीत कापूस घालून त्यावर ठेवले आणि मुलाच्या अभ्यासाचा टेबललॅम्प वाटीवर वाकवून लावला. त्यानंतर दीड तासाने त्यांचा मला फोन आला. "काका, अंडं फुटलेलं नाही. उबेला ठेवलंय. किती दिवसांत पिल्लू निघेल?"

असे फोन मार्च ते जुलै या काळात वारंवार येतात आणि त्यांतला प्रश्न जवळजवळ नेहमी हाच असतो. तो ज्या मायेने विचारला जातो तिच्याबद्दल मला आदरच आहे. मात्र त्या प्रश्नात अंड्याचा विचार असतो आणि ज्या घरट्यातून ते पडले त्या घरट्याचा नसतो. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की त्यात पडलेले अंडे, घरट्यात उरलेले दुसरे अंडे, मोडकळीला आलेले घरटे आणि अजून तिथेच असलेली जोडी या चारही गोष्टी एकत्र होत्या आणि त्यांपैकी कोणती आधी वाचवायची हे ठरवावे लागले.

फोनवर झालेले निर्णय

पहिली सूचना दिवा बंद करण्याची होती. पक्ष्यांच्या बहुतेक अंड्यांतील गर्भाची वाढ साधारण ३७ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानाला होते. तापमान त्याखाली गेले तर वाढ मंदावते किंवा थांबते, परंतु थोड्या काळाचा थंडावा बरेच गर्भ सोसतात. याउलट तापमान ४० अंशांच्या वर गेले की थोड्याच वेळात गर्भ मरू शकतो. वीतभर अंतरावरच्या दिव्याखाली अंड्याच्या वरच्या बाजूला किती तापमान होते हे हाताला कळत नाही, आणि अंड्याची एकच बाजू तापत राहते. मे महिन्यात पुण्यातल्या खोलीचे तापमान दिवसा सहज ३० अंशांच्या पुढे असते. तासाभराच्या प्रतीक्षेसाठी तेवढे पुरेसे आहे, वेगळी ऊब देण्याची गरजच नसते. अंड्याची काळजी वाटणारा माणूस सर्वांत आधी दिवा लावतो आणि माझ्या मते घरी आणलेल्या अंड्यांचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते.

दुसरी सूचना कापूस काढून त्याऐवजी मऊ सुती कापडाची चुंबळ करून अंडे त्यात आडवे ठेवण्याची होती, म्हणजे ते गडगडणार नाही. अंडे धुवायचे किंवा पुसायचे नाही, असेही सांगितले. अंड्याच्या कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून गर्भाचा श्वासोच्छ्वास चालतो. कवचावरचा पातळ संरक्षक थर पाण्याने गेला की जंतूंना आत जायला वाट मोकळी होते. अंडे हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि वाटी स्वयंपाकघरातून बाहेर न्यावी, हे मी आवर्जून सांगितले, कारण रानपक्ष्यांच्या विष्ठेतून आणि कवचावरून साल्मोनेलासारखे जंतू माणसापर्यंत येऊ शकतात.

मग प्रश्न विचारले. अंडे केवढे आहे, त्यावर ठिपके आहेत का, कवचाला तडा किंवा कुठे ओलसरपणा आहे का, ते नेमके कोणत्या फांदीखाली होते आणि त्या फांदीवर काय दिसते? अंडे शुभ्र, बिनठिपक्याचे, लांबट गोल आणि जवळजवळ पावणेतीन सेंटीमीटर लांब होते. कढीपत्त्यावर "काड्यांचा कचरा अडकल्यासारखं काहीतरी" दिसत होते. या वर्णनावरून अंडे होल्याचे, म्हणजे कबुतराच्या कुळातल्या एका लहान पक्ष्याचे, असण्याची दाट शक्यता होती. पोपट, साळुंकी, दयाळ यांसारखे पक्षी ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करतात, त्यामुळे त्यांची अंडी अशी झाडाखाली सहसा सापडत नाहीत. बुलबुलाचे अंडे गुलाबीसर असून त्यावर तांबडे-जांभळे ठिपके असतात, तर रानसातभाईचे गर्द निळे असते. याहून बरेच लहान, जेमतेम एक सेंटीमीटरचे, जवळजवळ गोल आणि कडक कवचाचे पांढरे अंडे घरात, गॅलरीत किंवा कुंडीमागे सापडले तर ते बहुधा पालीचे असते; त्यासाठी येणारे फोनही काही कमी नसतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की मी येईपर्यंत कोणीही झाडाजवळ जाऊ नये, फांदी वाकवून पाहू नये आणि खाली स्टूल लावू नये. अंडे आहे तिथे सुरक्षित होते. धोका आता घरट्याला होता.

झाडाखाली काय दिसले

मी पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीतून कढीपत्ता समोर दिसत होता. जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर एका दुबेळक्यात होल्याचे घरटे होते. होल्याचे घरटे म्हणजे आडव्यातिडव्या टाकलेल्या बारीक काड्यांचा इतका विरळ थर, की खालून पाहिले तर त्यातून आभाळ दिसते आणि कित्येकदा आतली अंडीही दिसतात. रात्रीच्या वाऱ्यात दुबेळक्याची एक फांदी बुंध्यापाशी चिरली होती आणि घरटे एका बाजूला कलले होते. त्या कललेल्या काड्यांवर ठिपकेवाला होला अंग चोरून बसला होता. दुर्बिणीतून मानेवरची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची पट्टी स्पष्ट दिसत होती. पक्षी बसला आहे याचा अर्थ निदान एक अंडे अजून घरट्यात होते, आणि रात्रीच्या वादळानंतरही जोडीने घरटे सोडलेले नव्हते.

घरटे उघडे पडण्याचे कारण केवळ वारा नव्हते. कढीपत्त्याच्या खालच्या सगळ्या डहाळ्या ओरबाडलेल्या होत्या. सोसायटीतले सगळेजण फोडणीसाठी तिथूनच पाला तोडतात, हात पोहोचेल तिथपर्यंत झाड बोडके होते आणि हात पोहोचण्याची मर्यादा संपते तिथून जेमतेम दोन-तीन फुटांवर होल्याने काड्या टाकल्या होत्या. पाला कमी झाला की आडोसाही कमी होतो, वारा थेट लागतो आणि कावळ्याला व भारद्वाजाला अंडी लांबून दिसतात. शिवाय पाला तोडणाऱ्याची चाहूल लागून होला दचकून फडफडत उडतो, तेव्हा त्याच्या पायाच्या आणि पंखांच्या झटक्याने विरळ घरट्यातले अंडे बाहेर पडू शकते. झाडाखाली अंडे सापडले की लोक कावळ्याला दोष देतात. इथे तसे म्हणायला आधार नव्हता, कारण कावळ्याने नेलेले अंडे असे अखंड राहत नाही. त्याला चोचीने पाडलेले वेडेवाकडे भोक असते आणि कवचाला बलक चिकटलेला असतो.

खाली कवच सापडले तर ते कसे तुटले आहे हे आधी नीट पाहावे, म्हणजे पुष्कळ काळजी परस्पर मिटते. पिल्लू आतून चोचीने गोलाकार टोचत कवचाचे टोपण उघडते, त्यामुळे अंडे उबून गेले असेल तर कवचाचे दोन नीट कापल्यासारखे भाग होतात आणि त्यांची आतली बाजू कोरडी असते. पालक पक्षी अशी रिकामी कवचे उचलून घरट्यापासून दूर नेऊन टाकतात, कारण आतली पांढरी बाजू शत्रूंच्या नजरेत भरते. असे कवच सापडले असेल तर करण्यासारखे काही नसते. कुठेतरी पिल्लू सुखरूप बाहेर आलेले असते.

वाटीतले अंडे मी जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर नेऊन मोबाइलच्या दिव्यापुढे काही सेकंद धरले. होल्याच्या अंड्याचे कवच पांढरे आणि पातळ असल्याने आतले बरेच दिसते. रुंद टोकाकडे हवेची पोकळी होती आणि तिच्या खाली कोळ्याच्या पायांसारख्या फाकलेल्या लालसर रक्तवाहिन्या दिसत होत्या. म्हणजे अंडे फळलेले होते आणि निदान चार-पाच दिवस उबवले गेले होते. रक्तवाहिन्या विरून त्यांचे एक लाल कडे उरलेले दिसले असते तर गर्भ मेला आहे असे निश्चित म्हणता आले असते. तसे कडे नव्हते, पण हालचालही दिसली नाही. कवचाला तडा नव्हता. फांद्यांतून घसरत ते पावसाने मऊ झालेल्या मातीत पडले असावे. तरीही पडण्याच्या हिसक्याचा परिणाम आत होऊ शकतो. बलकाला मध्यभागी धरून ठेवणारे पांढरे पीळदार दोर तुटू शकतात आणि नाजूक रक्तवाहिन्याही फुटू शकतात, आणि यांतले काहीही बाहेरून कळत नाही.

चार सूचना, आणि त्यांतल्या तीन का नाकारल्या

एव्हाना जिन्यात चार-पाच जण जमले होते आणि प्रत्येकाजवळ उपाय होता. मुलाला घरीच पिल्लू काढायचे होते. त्यासाठी थर्माकोलचा खोका, बल्ब आणि पाण्याची वाटी असलेले यंत्र त्याने मोबाइलवर पाहून ठेवले होते. अंडे उबवायला स्थिर तापमान, योग्य आर्द्रता आणि दिवसातून अनेकदा हलक्या हाताने फिरवणे लागते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ आतल्या पडद्याला चिकटू शकतो. एवढे सगळे घरी जमवले तरी खरी अडचण पिल्लू बाहेर आल्यावर सुरू होते. होल्याचे पिल्लू जन्मतः आंधळे आणि जवळजवळ उघडे असते. सुरुवातीचे काही दिवस ते दाणा खात नाही आणि किडेही खात नाही. नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीच्या आतल्या अस्तरातून प्रथिनांनी आणि चरबीने भरलेला दह्यासारखा स्राव तयार होतो. पिल्लू पालकाच्या तोंडात चोच घालून तो घेते. कबुतरे आणि होले यांचे हे 'दूध' तयार होण्याची वेळ अंडी उबण्याच्या वेळेशी जुळलेली असते. त्याला घरगुती पर्याय नाही. दूध, भिजवलेला पाव किंवा भाताची पेज घातलेली अशी पिल्ले मरताना मी पाहिली आहेत, आणि म्हणून एखाद्या उत्साही मुलाला निराश करावे लागले तरी या बाबतीत मी संदिग्ध बोलत नाही.

तळमजल्यावरच्या आजींनी सुचवले, "गावाकडं रवणीला बसलेल्या कोंबडीखाली ठेवा, निघेल पिल्लू." कोंबडीच्या अंड्यांबाबत हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, त्यामुळे ही सूचना अडाणीपणाची म्हणून झिडकारण्यासारखी नव्हती. परंतु कोंबडीच्या वजनाखाली होल्याचे नाजूक अंडे टिकण्याची आशा कमी असते, आणि टिकले तरी कोंबडीची पिल्ले पहिल्या दिवसापासून स्वतः दाणे टिपतात, त्यामुळे कोंबडी पिल्लाला चोचीने भरवत नाही. होल्याचे आंधळे पिल्लू तिच्यासमोर उपाशी मरेल.

तिसरी सूचना अंडे पक्षी-उपचार केंद्रात नेण्याची होती. जखमी पक्ष्यासाठी हा योग्य मार्ग आहे, पण मे महिन्यात अशा ठिकाणची माणसे उष्म्याने कोसळलेल्या घारी, मांजाने कापलेले पंख आणि घरट्यातून पडलेली जिवंत पिल्ले यांच्यात गुंतलेली असतात. सर्वत्र आढळणाऱ्या होल्याच्या एका अंड्यासाठी, त्यातही पालक जागेवर असताना, त्यांचा वेळ मागणे मला उचित वाटले नाही. अंडे एखाद्या दुर्मीळ किंवा संकटग्रस्त पक्ष्याचे असल्याची शंका असती तर मी स्वतः काहीही न करता आधी वनखात्याला कळवले असते. महाराष्ट्रात त्यासाठी वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे.

उरली चौथी सूचना : अंडे परत घरट्यात ठेवणे. यावर वॉचमनकाकांनी जो आक्षेप घेतला तो आपल्याकडे सर्वत्र ऐकू येतो. "माणसाचा हात लागलेलं अंडं पक्षी घेत नाही." ही समजूत खरी नाही. बहुतेक पक्ष्यांमध्ये अंड्याला लागलेल्या माणसाच्या वासाने घरटे सोडण्याची वृत्ती आढळत नाही. अंडे हाताळले म्हणून होला ते टाकून जात नाही. मात्र या समजुतीच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. घरट्याजवळ माणसांची वारंवार ये-जा झाली की पक्षी घरटे सोडतो, विशेषतः अंडी नुकतीच घातलेली असताना. तिथे कारण त्रासाचे आणि भीतीचे असते. शिवाय माणूस कुठे डोकावतो आहे हे कावळे टिपत असतात आणि तो गेल्यावर तिथे येतात.

म्हणून अंडे परत ठेवण्याचा निर्णयही सरळ नव्हता. पडलेल्या अंड्यातून पिल्लू निघण्याची आशा कमी होती : पावसाळी हवेत सुमारे बारा तास थंड जमिनीवर आणि नंतर दीड तास दिव्याखाली. घरट्यातले अंडे मात्र रात्रभर पक्ष्याखाली होते. केवळ पडलेले अंडे परत ठेवण्यासाठी पक्षी उडवावा लागणार असेल आणि त्या गडबडीत कललेल्या घरट्यातले चांगले अंडेही खाली येणार असेल, तर ते करू नये असे माझे स्पष्ट मत होते. घरटे मजबूत असते आणि फक्त अंडे पडलेले असते, तर मी कोणालाही स्टूलवर चढू दिले नसते. इथे पारडे फिरले ते चिरलेल्या फांदीमुळे. पुढच्या वाऱ्यात ती पूर्ण मोडणार हे उघड होते आणि हवामान खात्याने त्या दिवशी संध्याकाळीही वादळी पावसाची शक्यता वर्तवली होती. घरट्याला आधार देणे आवश्यक होते. ते करताना पक्षी एकदा उडणारच होता, आणि त्याच वेळी पडलेले अंडे आत ठेवण्यात वेगळा धोका नव्हता.

घरट्याला आधार

वेळ सकाळचीच निवडली. होल्यांमध्ये उबवण्याचे काम दोघे वाटून घेतात. सकाळी उशिरापासून दुपार ढळेपर्यंत साधारणपणे नर बसतो आणि बाकीचा वेळ, रात्र धरून, मादी बसते. दहाच्या सुमाराला हवा ३० अंशांच्या आसपास होती आणि कढीपत्त्यावर अजून इमारतीची सावली होती. अशा हवेत अंडी दहा-पंधरा मिनिटे उघडी राहिली तरी गारठत नाहीत. याच कामासाठी दुपारी बारा वाजता ऊन थेट घरट्यावर असताना पक्षी उडवला असता तर तेवढ्याच वेळात अंडी भाजली असती. पावसात किंवा संध्याकाळी अंधार पडताना तर घरट्याला हातच लावू नये, कारण दिवेलागणीनंतर उडालेला पक्षी अंधारात घरट्यावर परततोच असे नाही.

साहित्य साधे होते : देवपूजेच्या फुलांची वेताची उथळ परडी, काथ्याची दोरी आणि सुती कापडाच्या पट्ट्या. परडी उथळ हवी, कारण होल्याला बसल्या जागेवरून चहूकडे दिसावे लागते. खोल टोपलीत तो बसायला कचरतो. परडीच्या तळाला फटी असाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. प्लास्टिकचा डबा किंवा बूट ठेवायचा खोका यासाठी चालत नाही. सर्वांत मोलाची अट जागेची आहे. होला आपल्या घरट्याच्या जागेवर परततो, म्हणून परडी त्याच दुबेळक्यात, त्याच उंचीवर बांधली पाहिजे. "समोरच्या आंब्यावर जास्त सावली आहे, तिथे ठेवू" असे कोणीतरी म्हणतेच. दहा फुटांवर हलवलेले घरटे त्या पक्ष्याच्या दृष्टीने नाहीसे झालेले असते.

आम्ही दोघेच झाडाजवळ गेलो. बाकी सर्वांना घरात थांबायला सांगितले होते आणि खाली फिरणारे मांजर वॉचमनकाकांनी गेटबाहेर नेले होते. सावकाश, झाडाच्या समोरून, पक्ष्याला दिसेल असे गेल्यामुळे तो झटक्याने न फडफडता कडेला सरकून मग उडाला. मागून अचानक गेलो असतो तर दुसरे अंडेही गेले असते. घरट्यातले अंडे मी उचलून कापडावर ठेवले. ते स्पर्शाला चांगले उबदार होते, तर वाटीतले अंडे खोलीइतकेच होते, आणि दोन्ही अंडी एका हातात असताना तो फरक फार जाणवला. परडी चिरलेल्या फांदीवर न टेकवता दोन्ही बाजूंच्या धडधाकट फांद्यांना तीन ठिकाणी बांधली, काड्यांचा थर अलगद उचलून तिच्यात बसवला, दोन्ही अंडी मध्यभागी शेजारीशेजारी आडवी ठेवली आणि आम्ही खाली उतरलो. सहा-सात मिनिटे लागली असतील. फोटो काढला नाही, आणि तो काढू नये असा माझा आग्रह असतो, कारण फोटोसाठी लागणारी दोन मिनिटे पक्ष्याच्या वाट्याची असतात.

मग जिन्याच्या खिडकीतून पाहत बसलो. पक्षी आधी समोरच्या केबलवर, नंतर कुंपणाच्या भिंतीवर आणि मग कढीपत्त्याच्या शेंड्यावर आला. घरट्याच्या कडेवर उतरून मान तिरकी करून त्याने परडीकडे पाहिले आणि पुन्हा उडून गेला. मुलाचा चेहरा पडला. सुमारे पाऊण तासाने पक्षी परत आला, या वेळी थेट आत उतरला, पायांनी जागा चाचपली, अंडी पोटाखाली घेतली आणि पिसे फुलवून बसला. तो दोन-तीन तासांत आला नसता तरी पुढे काही करायचे नाही असे मी सर्वांना आधीच सांगून ठेवले होते, कारण पुन्हा पुन्हा चढून "आता नीट ठेवू" असे करण्यात उरलीसुरली शक्यताही संपते.

कायद्याची बाजू

त्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांनी विचारले, की होल्यासारख्या साध्या पक्ष्याच्या अंड्यालाही कायदा लागू होतो का. होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे आणि वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे, अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही तिच्यात येते. अंडी आणि घरटी यांचा समावेश कायद्यातील वन्यजीव-अवशेषांच्या व्याख्येतही आहे, त्यामुळे सापडलेले रानपक्ष्याचे अंडे शोभेसाठी किंवा संग्रहासाठी घरी ठेवता येत नाही. कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता मानली जाणारी अशी वस्तू ताब्यात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. घाबरवण्यासाठी मी हे कोणाला सांगत नाही. पण "महिनाभर घरात ठेवून पाहू" हा बेत किती चुकीचा आहे ते यावरून लवकर कळते.

सचिवांच्या प्रश्नामागे एक व्यवहाराची अडचण होती. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी त्याच आठवड्यात ठरलेली होती आणि चिरलेल्या फांदीमुळे कढीपत्ता यादीत पहिला होता. पुण्या-मुंबईत मे महिन्यात घरटी आणि अंडी खाली येण्याचे, माझ्या पाहण्यात, वाऱ्याइतकेच मोठे कारण ही छाटणी आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतली जाते, परंतु फांदीवर घरटे आहे का हे पाहण्याचे काम शेवटी कोयता हातात असलेल्या माणसावर येऊन पडते आणि त्याला ते कोणी सांगितलेले नसते. दिवसभरात पाच-सहा झाडे उरकायची असणाऱ्या त्या माणसाला मी दोष देणार नाही.

पुढे काय झाले, आणि दुसरा पक्षी असता तर

होल्याची अंडी साधारण दोन आठवड्यांत उबतात. परडी बांधल्यानंतर आठवडाभराने घरट्यातून पिवळसर लव असलेले एक पिल्लू दिसू लागले. खाली पडलेले अंडे उबले नाही. पालक पिल्लाबरोबर तेही काही दिवस अंगाखाली घेत होते, नंतर ते परडीच्या कडेला सरकलेले दिसले. रात्रीचा गारठा, पडण्याचा हिसका किंवा दिवा यांपैकी कोणतेही कारण त्याला पुरेसे होते. मुलाने विचारले तेव्हा मी त्याला हे असेच सांगितले, आणि त्याच्या आईने अंडे पायाखाली चिरडले जाण्यापासून वाचवले हेही सांगितले. रोज सकाळी खिडकीतून पाहून त्याने कोण केव्हा घरट्यावर बसते याची वहीत नोंद ठेवली होती. तिच्यात नर-मादीच्या पाळ्या बदलण्याची वेळ मला अपेक्षित होती तशीच, दहा-साडेदहाच्या सुमाराला, दिसते.

एका अंड्याचे हे नुकसान मी मोठे मानत नाही, आणि ते कठोरपणाने म्हणत नाही. होल्यांची जोडी आपल्या हवामानात वर्षातून अनेकदा घरटे करते. एक खेप वाया गेली तर थोड्याच दिवसांत पुन्हा अंडी घालते. जोडी सुखरूप आणि तिची जागा शाबूत असेल तर पडलेल्या अंड्याची भरपाई ती स्वतः करते. जागाच असुरक्षित झाली तर मात्र कोणत्याही दिव्याखाली कोणतेही अंडे ठेवून ती भरपाई होत नाही.

अंडे टिटवीचे असते तर सगळेच निर्णय वेगळे झाले असते. टिटवी घरटे बांधतच नाही. मोकळ्या जमिनीवर, शेतात, खडीवर आणि शहरात कधी इमारतीच्या सपाट गच्चीवर ती खळग्यात बहुधा चार अंडी घालते. ती मातकट रंगाची, काळपट डागांची आणि एका टोकाला निमुळती असून निमुळती टोके आत करून मांडलेली असतात. अशी अंडी पडलेली नसतात. ती तिथेच असायची असतात आणि टिटवी आरडाओरडा करत डोक्यावर घिरट्या घालते ती तुम्ही निघून जावे म्हणून. शेत नांगरताना पुष्कळ शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतात. टिटवीची अंडी उबायला चार आठवड्यांच्या आसपास लागतात, म्हणून गच्चीवर अंडी दिसली तर गच्चीचे दार महिनाभर बंद ठेवणे आणि त्या काळात टाकी धुण्याचे काम पुढे ढकलणे एवढेच करायचे असते.

रानसातभाईच्या झुडपाखाली निळे अंडे सापडले असते, तर ते परत ठेवण्याआधी मी दोनदा विचार केला असता. पावशा आणि चातक सातभाईंच्या घरट्यात आपली निळी अंडी घालतात, आणि त्या घाईत यजमानाची अंडी फुटतात किंवा बाहेर पडतात. कोणते अंडे कोणाचे हे जमिनीवरून ठरवणे अवघड असते. पावशा आणि सातभाई या दोघांचाही रानावर सारखाच हक्क आहे, म्हणून तिथे आपण न्यायनिवाडा करायला जाऊ नये. घरट्यावर पक्षी दिसत नाही म्हणून ते सोडून दिलेले आहे असेही समजू नये. शिंजीर या चिमुकल्या पक्ष्यात फक्त मादी अंडी उबवते आणि मध देणाऱ्या फुलांवर चरायला ती दिवसातून अनेकदा घरटे सोडून जाते. तिच्या गैरहजेरीत लोंबते घरटे उतरवून घरात आणणारे लोक भेटतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण थोडा वेळ लांब बसून पाहिले असते तर ती परत येताना दिसली असती.

कढीपत्त्याची छाटणी सोसायटीने पिल्लू उडून जाईपर्यंत थांबवली. पहिल्या मजल्यावरील दोन घरांनी पाला तोडणे तेवढ्या काळापुरते बंद केले आणि बाकीच्यांनी रस्त्याकडच्या बाजूने तोडायचे ठरले. पिल्लू उडून गेल्यावर न उबलेले अंडे मुलाला काचेच्या कपाटात ठेवायचे होते. वर सांगितलेल्या कारणामुळे ते झाडाखालीच पुरले. चिरलेली फांदी जूनच्या पहिल्या पावसानंतर परडीसकट उतरवली, कारण रिकाम्या परडीत पालापाचोळा साचून उंदीर राहायला येण्याची शक्यता होती. छाटणीच्या पुढच्या कंत्राटात सचिवांनी एक अट घातली आहे : कोयता लावण्यापूर्वी प्रत्येक झाड सोसायटीतल्या एका माणसाने खालून आणि जिन्याच्या खिडकीतून पाहायचे, आणि घरटे दिसलेल्या फांदीला लाल चिंधी बांधून ते झाड शेवटी ठेवायचे.